पाच रात्री गोळी, तेवीस दिवस बाग

गेल्या मार्गशीर्षात कणकवलीला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीतून उठून हात धुवायला निघालो, तेव्हा मांडवाच्या कडेला एक ओळखीचे गृहस्थ माझीच वाट पाहत उभे होते. त्यांच्या मेहुण्याच्या मेंदूत गाठ निघाली होती, शस्त्रक्रिया झाली होती आणि आता किरणोपचारांबरोबर घ्यायच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. त्यावरचे ‘टेमोझोलोमाइड’ हे नाव मी चष्म्याशिवायही ओळखले असते. “तुमच्या भावाक हीच दिल्ली मां? गुण इलो होतो काय?” त्यांनी विचारले. सांगता येण्यासारखे होते ते सगळे मी सांगितले. कॅप्सूल उघडायची नाही, चावायची नाही, पोट रिकामे हवे, उलटीची गोळी अर्धा तास आधी द्यायची, रक्ताची तपासणी चुकवायची नाही आणि पोट साफ होते की नाही याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवायचे, कारण मळमळीची भीती सगळेच घालतात, बद्धकोष्ठाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. त्यांनी मान हलवत ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, “ता झाला. पण गुण?” तेवढ्यात नवरीकडच्या कोणीतरी त्यांना हाक मारली आणि ते गेले.

उत्तर न देता सुटलो याचे हायसे वाटले आणि ते हायसे वाटणेच नंतर कितीतरी दिवस खुपत राहिले.

टाळाटाळ करायची म्हणून मी गप्प राहिलो नव्हतो. माझ्याकडे खरोखरच उत्तर नव्हते आणि आजही नाही. माझे सगळे आयुष्य रत्नागिरीच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेले. परीक्षानळीत दोन द्रावणे एकत्र केली की रंग बदलतो किंवा बदलत नाही, साका बसतो किंवा बसत नाही आणि मुले वहीत तसे लिहितात. दादाच्या शरीरात हे औषध गेले, वर्षाचा मोठा भाग जात राहिले, हे मी डोळ्यांनी पाहिले. आत जाऊन त्याने काय केले, हे कोणीच पाहिले नाही. आम्ही घरातल्या माणसांनी जे जे पाहिल्यासारखे मानले, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाचे तरी काम निघाले.

दादाने देवगडकडची आमची वडिलोपार्जित कलमे राखली होती. आजार कळला तो मोहोराच्या दिवसांत. तुडतुडा दिसू लागला होता, फवारणीची घाई होती आणि दादा गड्याला काहीतरी आणायला सांगत होता. “ता आण रे, ता… ता पाण्याचा…” असे म्हणत तो हाताने दांडा वरखाली केल्यासारखे करून दाखवत होता, पण ‘पंप’ हा शब्द त्याच्या तोंडून येईना. सगळे हसले, तोही हसला. आठवडाभरात तो मोहोराला पाऊस म्हणू लागला, मग उजवा हात आपोआप उडू लागला, आणि एका पहाटे त्याला आकडी आली. कोल्हापूरला नेऊन चित्र काढले तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, गाठ दिसली. तिथून मुंबई. शस्त्रक्रियेत काढता येईल तेवढी गाठ काढली आणि तपासणीचा अहवाल आला, ग्लायोब्लास्टोमा, श्रेणी चार. मेंदूच्या आधारपेशींतून उगवणारी ही गाठ कडेने धागे सोडत जाते, त्यामुळे सर्जनच्या डोळ्याला सगळी निघाली असे दिसले तरी ती सगळी निघालेली नसते. म्हणून किरण आणि म्हणून गोळी.

किरणोपचारांचे वेळापत्रक ठरलेले असते. सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज एक बैठक, अशा तीस बैठकांत एकूण ६० ग्रे एवढी किरणांची मात्रा. गोळीला मात्र शनिवार-रविवार नाही. किरण सुरू असेतो ती रोज, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम या मापाने घ्यायची. दादा सडपातळ, त्याचे माप १.६ चौरस मीटर निघाले, म्हणजे रोज १२० मिलिग्रॅम, एक शंभराची आणि एक विसाची. लालबागला आमच्या गावकऱ्यांची जुनी खोली आहे, गिरण्या चालू असताना तिच्यात माणसे पाळीपाळीने झोपत, तिथे आम्ही मुक्काम ठोकला. औषध किरणांच्या तासभर आधी, तेही रिकाम्या पोटी. जन्मभर उठल्याबरोबर उकड्या तांदळाची पेज पिणारा माणूस हा. चाळीतल्या शेजारणी कौतुकाने सकाळीच आंबोळी आणून ठेवत आणि वहिनी ती झाकून दूर सरकवत. “औषध आणि ता पण उपाशी पोटार?” असे प्रत्येकीने विचारले. आपल्याकडे औषध हे दोन घास खाल्ल्यावरच घ्यायचे असते, नाहीतर ते ‘पोटाक लागता’, ही समजूत इतकी पक्की आहे की डॉक्टरांनी सांगूनही वहिनींना पहिले काही दिवस आपण नवऱ्याशी काही निष्ठुरपणा करत आहोत असे वाटत राहिले.

त्या खोलीतल्या पोटमाळ्यावर बसून मी त्या रेणूची आकृती काढली. शिक्षकी सवय, दुसरे काय. इवलासा रेणू, रेणुभार अवघा १९४, आणि त्यात एका कड्यामध्ये तीन नायट्रोजन ओळीने बसलेले. अशी रचना वर्गात काढली असती तर मीच मुलांना सांगितले असते की हे फार काळ टिकणार नाही. तीच तर या औषधाची खुबी आहे. पोटातल्या आम्लात ते शाबूत राहते, जवळजवळ सगळेच्या सगळे रक्तात शोषले जाते आणि रक्ताच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात आल्यावर आपले आपण फुटू लागते. त्याला यकृताची मदत लागत नाही, कुठल्या विकराची लागत नाही. साधारण पावणेदोन तासांत निम्मे औषध फुटलेले असते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे औषध घडवले गेले, आणि रेणू प्रत्यक्ष हाताने बनवणारा रॉबर्ट स्टोन हा तेव्हा तिथला संशोधक विद्यार्थी होता. याच घराण्यातला आधीचा रेणू, मिटोझोलोमाइड, उंदरांवर अतिशय जोरकस ठरला आणि माणसांवर त्याने रक्तातल्या प्लेटलेट अशा काही पाडल्या की तो सोडून द्यावा लागला. मग त्यातल्या क्लोरोएथिल गटाच्या जागी साधा मिथाइल गट बसवला गेला. एक कार्बन, तीन हायड्रोजन. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात त्याच्या पहिल्या चाचण्या झाल्या, १९९९ मध्ये युरोप आणि अमेरिकेत त्याला उपचारांनंतर परत वाढलेल्या गाठींसाठी मान्यता मिळाली, आणि २००५ पासून ते नव्या रुग्णांना किरणांबरोबर दिले जाऊ लागले. मेंदूभोवतीचा रक्ताचा पडदा बहुतेक औषधांना आत घेत नाही. हे लहान असल्याने आत जाते. वीस मिलिग्रॅमची ती कॅप्सूल चिमटीत धरून पाहताना मला त्या विद्यार्थ्याचा हेवा वाटला आणि लगेच त्या हेव्याची लाजही वाटली, कारण शेजारी दादा कुशीवर निजला होता आणि त्याच्या डोक्यावरचे टाके अजून काळे दिसत होते.

आता आकडे. पुण्याला असलेल्या पुतण्याने ते त्याच आठवड्यात शोधून काढले होते. रोजर स्टुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवर केलेली चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसते किरण दिलेल्यांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने, किरणांबरोबर ही गोळी दिलेल्यांचे १४.६ महिने. “म्हणजे अडीच महिने, काका,” पुतण्या फोनवर म्हणाला. मी त्याला सांगितले की मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाचा आकडा, रांगेच्या टोकाचा नव्हे. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण नुसत्या किरणांत १०.४ टक्के होते, गोळीसह २६.५ टक्के झाले. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा १.९ टक्क्यांच्या जागी ९.८ टक्के माणसे जगली होती. मधला माणूस थोडाच पुढे सरकला होता, शेवटचे मात्र बरेच पुढे गेले होते. पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “बाबा रांगेत कुठे उभे आहेत, हे कुठे कळतं?”

ते थोडेफार कळते. त्यासाठीच गाठीचा तुकडा आणखी एका तपासणीसाठी पाठवला होता. हे औषध मिथाइल गट नेऊन पेशीच्या गुणसूत्रातल्या ग्वानिन या घटकावर चिकटवते. त्यातला एका विशिष्ट जागी, सहाव्या ऑक्सिजनवर, बसलेला गट पेशीला घातक ठरतो, कारण पुढच्या विभाजनाच्या वेळी तिथे चुकीची जोडी लागते, पेशी ती दुरुस्त करायला जाते, पुन्हा चुकते, पुन्हा दुरुस्त करते आणि त्या खटाटोपातच मरते. पण एमजीएमटी नावाचे एक प्रथिन हा गट आधीच उचलून टाकू शकते. त्या प्रथिनाचा एक रेणू एकच गट उचलतो आणि त्यातच निकामी होतो. ज्यांच्या गाठीत हे प्रथिन बनवणारे जनुक मिटलेले असते, त्यांच्यात औषध चांगले चालते, आणि गंमत अशी की ते जनुक मिटवणारे कुलूपही मिथाइल गटांचेच असते. मोनिका हेगी यांनी त्याच चाचणीतल्या २०६ रुग्णांच्या गाठी तपासून हे दाखवले. जनुक मिटलेल्यांत गोळीसह मध्यक २१.७ महिने, गोळीविना १५.३. जनुक उघडे असलेल्यांत १२.७ आणि ११.८.

दादाचे जनुक उघडे होते.

आमच्याकडे देवळात कौल लावतात तेव्हा डावा कळा पडला, म्हणजे नकार आला, की गुरव थोडा थांबतो, मानकऱ्यांच्या तोंडाकडे पाहतो आणि कोणीतरी म्हणते, “परत लावा, म्हाराजांक नीट विचारा.” तो अहवाल हाती आला तेव्हा डॉक्टरही तसेच थांबले. पण इथे परत लावायला काही नव्हते. ते सरळ बोलले. या प्रकारात गोळीचा फायदा थोडा, कदाचित नाहीच, पण तिच्या जागी देण्यासारखे दुसरे चांगले काही नाही. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. वहिनींनी दादाकडे पाहिले. दादाला तोवर निम्मे शब्द परत आले होते. तो म्हणाला, “सुरू केलाहा तर पुरा करूया.” कलम बांधायला घेतलेले अर्धवट न सोडणाऱ्या माणसाचे ते उत्तर होते; त्यामागे आकड्यांचा काही विचार होता असे मला वाटत नाही आणि असायला हवा होता असेही नाही.

हे शब्द परत कसे आले, याबद्दल गावात एकमत होते. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर दादा नुसता पडून होता आणि गोळ्या सुरू झाल्याबरोबर उठून बसला, बोलू लागला, दोन ताटे जेवू लागला. “काय जबरदस्त गोळ्यो हत!” असे भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे. प्रत्यक्षात ते काम डेक्सामेथासोनचे होते. गाठीभोवती मेंदूला जी सूज येते ती हे जुने, स्वस्त स्टेरॉइड एक-दोन दिवसांत उतरवते आणि दबलेली वाचा, दबलेला हात मोकळा होतो. गाठीला ते हातही लावत नाही. त्याचा मोबदलाही ते वसूल करते. दादाचा चेहरा गोल झाला, साखर चढली, रात्री झोप उडाली आणि मांड्यांतली ताकद गेली, तेव्हा तेच लोक म्हणाले, “गोळ्यांनी सुजवल्यान.” पुन्हा त्या बिचाऱ्या कॅप्सूलचे नाव. डेक्सामेथासोन हळूहळू कमी केल्यावर चेहरा पूर्ववत झाला आणि त्याचेही श्रेय कोणीतरी पपईच्या पानांच्या रसाला दिले.

याच्या उलटही घडले. किरण संपवून दादा घरी आला तेव्हा शेवटची तोडणी चालली होती. सड्यावरून उतरणाऱ्या टेम्पोत पेट्या भरताना तो खुर्ची टाकून बसे, आणि वाशीला जाणाऱ्या मालातली लहान फळे वेगळी काढताना त्याचा हात पूर्वीइतकाच झरझर चाले. सगळे ठीक दिसत असतानाच पहिला एमआरआय झाला आणि त्यात गाठ वाढलेली दिसली. पांढरा चमकणारा भाग शस्त्रक्रियेनंतरच्या चित्रापेक्षा मोठा. डॉक्टरांनी मात्र औषध थांबवले नाही. किरण आणि गोळीच्या माऱ्याने मेलेल्या पेशी, सुजलेल्या रक्तवाहिन्या यांमुळे पहिल्या तीन महिन्यांत चित्र असे बिघडून दिसू शकते, साध्या एमआरआयवरून खरी वाढ आणि ही खोटी वाढ ओळखता येत नाही, म्हणून थांबायचे आणि पुन्हा काढायचे, असे ते म्हणाले. म्हणजे बरे दिसत होते तेव्हा ते दुसऱ्याच औषधामुळे, आणि वाईट दिसत होते तेव्हा ते कदाचित हेच औषध लागू पडल्यामुळे. अर्धा पावसाळा आम्ही या ‘कदाचित’वर काढला. श्रावणात दुसरा एमआरआय झाला, त्यात तो पांढरा भाग आक्रसला होता. जनुक उघडे असतानाही असे घडू शकते का, असे मी विचारले. घडू शकते, कमी वेळा घडते, एवढेच डॉक्टर म्हणाले.

दरम्यान मृगापासून घरी फेऱ्या सुरू झाल्या होत्या. अठ्ठावीस दिवसांची एक फेरी. त्यातले पहिले पाच दिवस औषध, उरलेले तेवीस दिवस काही नाही, अशा सहा फेऱ्या. पहिल्या फेरीला दर चौरस मीटरला १५० मिलिग्रॅम, ती सोसली तर पुढे २००. दादाच्या मापाने आधी शंभर आणि एकशे चाळीस, नंतर एकशे चाळीस आणि एकशे ऐंशी. त्या पाच रात्रींचे घर मला आजही स्पष्ट दिसते. दिवेलागणीच्या आधीच जेवण उरकायचे. त्या दिवसांत मासळी नाही, कारण तळणीचा वास तर सोडाच, पडवीतल्या खाऱ्या बांगड्यांचा बंद डबा उघडला तरी दादा तोंड फिरवी. मग दोन-तीन तास कोणी काही खायचे नाही, निदान त्याच्यासमोर. बाहेर पाऊस, वीज गेलेली, आणि वहिनी बॅटरीच्या उजेडात फडताळातला पितळी डबा काढत. आधी ऑन्डानसेट्रॉन, म्हणजे उलटीची गोळी. मग घड्याळाकडे पाहत अर्धा तास. मग रबरी हातमोजे चढवून त्या बाटलीतून दोन कॅप्सूल झाकणात घेत, झाकणातून दादाच्या तळहातावर, आणि त्याने त्या पाण्याबरोबर गिळल्या की हातमोजे उलटे करून काढत. एकदा एक कॅप्सूल चिरलेली निघाली, तेव्हा त्यांनी ती फुंकर न घालता, श्वास रोखून, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत बांधली. पुतणी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला त्या खोलीत पाच दिवस मज्जाव. तिला बापाचे पाय चेपायचे असत आणि वहिनी तिला उंबऱ्याबाहेरच बसवत.

फेरीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्त तपासायला तालुक्याला जायचे. प्लेटलेट लाखाच्या वर आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दीड हजाराच्या वर असतील तरच पुढची फेरी. एकदा प्लेटलेट ऐंशी हजारांवर आल्या तेव्हा फेरी आठवडाभर पुढे गेली, आणि घरात सुतक आल्यासारखे वातावरण झाले, जणू औषध न मिळणे हीच हानी. पांढऱ्या पेशी कमी म्हणून चिखलात उतरायचे नाही, लावणीच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात लेप्टोची भीती असतेच. फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून जपण्यासाठी किरणांच्या काळात वेगळी गोळी होती. उलट्या त्याला फारशा झाल्या नाहीत. थकवा मात्र यायचा. सहाव्या-सातव्या दिवशी तो पडवीत बसून राही आणि चहा थंड होऊन जाई. आठव्या दिवशी काठी घेऊन कलमांत. पावसाने वाढलेले रान कापून घेणे, खताची आळी, बांडगुळे काढणे, सगळे त्याच्या देखरेखीखाली. कलमांची नावे त्याला आठवत नसत, पण ‘वहाळाकडचा’, ‘बापाशीचा’ अशी खूण सांगून तो गड्याला नेमक्या झाडाशी नेई.

गणपतीत एक गोष्ट झाली. विसर्जनाआधीचे गाऱ्हाणे आमच्या घरी वर्षानुवर्षे दादाच घालत असे. त्या दिवशी दुपारी त्याला ‘वाटी’ हा शब्द सापडला नव्हता, म्हणून मी घालीन असे ठरले होते. मी उभा राहिलो, नारळ हातात घेतला, आणि मागून दादाचा आवाज आला. “बा देवा म्हाराजा…” आणि मग तो थांबलाच नाही. घरातल्या लहानथोरांची नावे, गाई-वासरांची खुशाली, कोणाचे लग्न, कोणाची नोकरी, आणि प्रत्येक थांब्याला आमचे “व्हय म्हाराजा”. एकही शब्द अडला नाही. शेजारच्या घरातून माणसे येऊन उंबऱ्याशी उभी राहिली. “बघा, गोळ्यांनी वाचा दिल्यानी,” एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना हे सांगितले. ते म्हणाले, पाठ असलेली प्रार्थना, गाणी, आकडे यांची वाट मेंदूत निराळी असते, नेहमीची वाचा गेली तरी ती पुष्कळदा शाबूत राहते. यात औषधाचे काही नाही. मी ते त्या म्हातारीला कधीच सांगितले नाही, आणि सांगायला हवे होते असे आजही वाटत नाही.

सहा फेऱ्या कार्तिकाच्या अखेरीस संपल्या. पुढचा मोहोर दादाने पाहिला, फवारणी करून घेतली, आणि हंगामातली पहिली पेटी स्वतःच्या हाताने गवतात रचली. पावसाळा लागताच उजवा पाय ओढू लागला. या वेळच्या चित्रात ‘कदाचित’ नव्हते. नवरात्राच्या आधी तो गेला.

आकड्यांशी ताडून पाहायचे तर जनुक उघडे असलेल्यांच्या मधल्या माणसापेक्षा तो बराच पुढे गेला. पण ते गोळीमुळे, की गाठ बरीचशी निघाली म्हणून, की त्याची गाठ मुळातच संथ होती म्हणून, हे ठरवायला दुसरा दादा लागला असता, ज्याला गोळी दिली नाही असा. चाचणीत तो दुसरा माणूस असतो. ५७३ जणांत औषधाचा गुण दिसतो तो त्यामुळेच, आणि एका घरात तो दिसत नाही तोही त्यामुळेच. रसायनशास्त्राच्या मास्तराला हे कळायला वेळ लागू नये. कळून पचायला लागला.

वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा पुतण्याने हा विषय काढलाच. जेवणे झाली होती, पडवीत पाने लावत बसलो होतो. अहवाल विरुद्ध होता, मधल्या माणसाचा फरक एका महिन्याचाही नव्हता, मग बाबांना त्या पाच-पाच रात्री उपाशी का ठेवले, असे त्याचे म्हणणे. तो रागाने बोलत नव्हता. आकडे त्याने पुन्हा एकदा वाचले होते आणि ते त्याला सोडत नव्हते. मी म्हणालो की मला पुन्हा ठरवायला सांगितले तर मी पुन्हा देईन, फक्त या वेळी डॉक्टरांना आधीच विचारीन की काय दिसले म्हणजे थांबायचे. त्या गोळीने आमच्या घराला एक वेळापत्रक दिले, भिंतीवरच्या कालनिर्णयात वहिनींनी लाल पेनाने केलेल्या खुणा दिल्या, पुढचे काहीतरी ठरलेले आहे हा धीर दिला, हेही खरे. पण मी ते बोललो नाही, कारण तो औषधाचा गुण नव्हे आणि नुसत्या धीरासाठी कोणाला विष देऊ नये, असे माझे मलाच वाटते. वहिनी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, “पाच दिस ते उपाशी निजले, ता खरा. पण उरलेले तेवीस दिस बागेत कोण फिरत होतो?” पुतण्या म्हणाला, “ते गोळीविनाही फिरले असते, आई.” “फिरले असते,” वहिनी म्हणाल्या, “नाय तर नसतेही फिरले.” दोघेही तिथेच थांबले. त्यानंतरही ते अधूनमधून याच मुद्द्यावर येतात आणि इथपर्यंतच येतात.

बाटलीत काही कॅप्सूल उरल्या होत्या. गाठ परत वाढल्यावर आणखी एक फेरी देऊन पाहण्याचा विचार झाला होता, त्यासाठी आणलेल्या. वहिनींना त्या कोणा गरजूला द्यायच्या होत्या; एवढे महागाचे औषध फेकायचे त्यांच्या जिवावर आले होते. पण उघडलेल्या बाटलीतले हे औषध एकाने दुसऱ्याला द्यायचे नसते, दुकानदार परत घेत नाही आणि परसात पुरायचे किंवा चुलीत टाकायचे तर नाहीच, विहीर दहा पावलांवर. शेवटी मी ती बाटली रत्नागिरीला नेली आणि ओळखीच्या रुग्णालयात पेशीमारक औषधांच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायला दिली. निघताना वहिनींनी बाटली माझ्या हवाली केली, पण रबरी हातमोज्यांचा उरलेला खोका मात्र ठेवून घेतला. “ह्ये ऱ्हवांदेत, भावजी,” त्या म्हणाल्या, “फवारणीक लागतत.”